पुडा आणि रणगाडा

‘वाघोलीत अडकलोय’ हे कारण पुण्यात आता कुणी ऐकून घेत नाही. वाघोलीत सगळेच अडकतात, त्यात सांगण्यासारखं काय? म्हणून मी ताईला फोनवर खरं ते सांगितलं, ‘वाघोलीत आहे, पुढे रणगाडा आहे.’ ती दोन क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सकाळपासून ही थाप जुळवत बसला होतास वाटतं,’ आणि तिने फोन ठेवला.

पण रणगाडा होता. लांबलचक ट्रेलर, त्यावर साखळदंडांनी जखडलेलं हिरवट धूड, आणि बुरूज उलटा फिरवल्यामुळे नळी मागे आलेली. मागे म्हणजे आमच्याकडे. नळीच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. लोखंडी सळया नेणाऱ्या टेम्पोला बांधतात ना, अगदी तसंच. एवढ्या नळीचं तोंड थेट आपल्या काचेसमोर असताना माणूस हॉर्न वाजवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वाघोलीत मुकाट्याने उभी असलेली गाड्यांची रांग मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

आमच्याही गाडीत नाजूक माल होता. भाच्याचा साखरपुडा नगरला, मुहूर्त साडेबाराचा, आणि मामा-मामी म्हणून आमच्यावर एकच जबाबदारी, ती म्हणजे पुडा. (सरकारदरबारी शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पत्रिकेतही तसंच छापलंय, पण तोंडाला अजून नगरच येतं.) हिने चार रात्री जागून तो पुडा सजवला होता. दीड हात उंच, जरीचा, मोत्यांच्या झालरी लावलेला. डिकीत ठेवायला ही तयार होईना, म्हणून तो मागच्या सीटवर पट्टा लावून बसला होता. पुढे छत्तीस टन साखळदंडात, मागे सव्वा किलो सीटबेल्टमध्ये, आणि मधे आम्ही.

दोन मिनिटांत फोन वाजला. या वेळी दाजी.

‘कुठला?’

‘कुठला काय दाजी?’

‘अहो पाहुणे, रणगाडा कुठला?’

आमचे दाजी रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये मेकॅनिक होते. नगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेच शिकले, देशभर फिरले आणि निवृत्त होऊन पुन्हा नगरलाच घर बांधून राहिले. घराला गेट करताना त्यांनी वेल्डरला जो ताप दिला, त्याच्या कथा अजून केडगावात सांगतात. मुलाचा साखरपुडा, अंगावर नवा कुडता, डोक्यावर फेटा, मागून सनईची रेकॉर्ड ऐकू येतेय, आणि दाजी विचारतायत, ‘चाकं किती?’

माझ्यासारख्याला रणगाडा म्हणजे रणगाडा. हत्तीचे जसे प्रकार विचारायचे नसतात तसं. मी म्हटलं, ‘मागून नळीच दिसतेय फक्त.’ दाजी म्हणाले, ‘मग बाजूला या.’ जणू रणगाड्याला ओव्हरटेक करायचा सल्ला ते रोजच कुणाला तरी देतात.

लोणीकंदच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला आणि मी गाडी ट्रेलरच्या कडेला आणली. ही खिडकीतून मान बाहेर काढून मोजू लागली. ‘एक, दोन, तीन... सात!’

‘सात कशी असतील, वहिनी? पुढचं नुसतं फिरणारं आणि मागचं दातेरी सोडून द्या. मधली मोठी.’

‘मग पाच.’

‘पहिल्या आणि दुसऱ्या चाकात फट जास्त आहे का बाकीच्यांपेक्षा?’

‘आहे! दात पडल्यासारखी.’

‘टी-५५!’ फोनवरून दाजी असे ओरडले की मागची सनई थांबली. पण लगेच आवाज साशंक झाला. ‘थांबा. नळीवर फुगवटा असेल बघा. टोकाला आहे की मधे?’

फुगवटा मधे होता. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून चाकं मोजा. पण दाजींचा ऊर भरून आला होता. रशियाने दिलेल्या टी-५५ ची तोफ १०० मिलिमीटरची आणि तिचा धूर ओढून घेणारा फुगवटा नळीच्या टोकालाच असतो. आपण पुढे त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. तिचं मूळ विलायती, घडवलेली आपल्याकडे. तिचा फुगवटा मधे. ‘म्हणजे धड रशियन, नळी आपली,’ दाजी म्हणाले. स्थळ बघायला गेल्यावर मुलीचं गोत्र जुळावं, तसा तो आवाज होता.

त्या ट्रेलरच्या पुढे दुसरा ट्रेलर होता. त्यावर सहा चाकांची गाडी. दाजींनी क्षणात निकाल दिला, ‘विजयंता. आवडीचा.’

‘कुणाच्या?’ हिने विचारलं.

‘अहो, आवडी! मद्रासजवळचं आवडी. तिथल्या कारखान्यातला. ब्रिटिशांच्या विकर्स कंपनीचा आराखडा, पण आपल्या देशात तयार झालेला पहिला रणगाडा.’

‘हो, पण तुमच्या आवडीचाही दिसतोय,’ ही म्हणाली. दाजी लाजले असावेत, कारण फोनवर काही ऐकू येईना. नंतर कळलं, वधूपिता जवळ येऊन उभे होते. ‘कोण अडकलंय?’ असं त्यांनी विचारलं, तर दाजी म्हणाले, ‘रणगाडा येतोय, खडकीच्या डेपोतून निघाला असणार.’ मुलाच्या मामाला घरात लाडाने रणगाडा म्हणतात, असा वधूपक्षाचा समज झाला, आणि मला प्रत्यक्ष पाहिल्यावर तो दूरही झाला नाही.

सगळ्यात पुढे साध्या ट्रकवर एक जोंगा होती. जोंगा हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की जोंधळा खाऊन चालणारी गाडी असावी. पण ते जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं जोडून झालंय, आणि गाडी मुळात निस्सानची. समोरून नाक दाबलेल्या बुलडॉगसारखी दिसते. तिच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण होता. लष्कराच्या सगळ्या गाड्यांना तो असतो, इंग्रजांच्या काळापासूनची खूण आहे. मी हिला सांगितलं, ‘गाडी उलटली तर वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून.’ तिने विश्वास ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर असे आनंद क्वचित मिळतात, म्हणून मी अजून तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

इथून पुढे आम्ही सुसाट नगर गाठायला हवं होतं. पण रांजणगावला हिचा प्रश्न आला, ‘अष्टविनायकातला गणपती वाटेत असताना शुभकार्याला तसंच पुढे जायचं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. दर्शन घेऊन बाहेर आलो तर समोरून डौलात, ताशी पंचवीसच्या वेगाने, जोंगा, विजयंता आणि टी-५५ निघून चालले होते. शिरूरला घोड नदीच्या पुलानंतर मी त्यांना पुन्हा मागे टाकलं. मग पेट्रोल भरायला थांबलो, ते पुन्हा पुढे. ससा आणि कासवाची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पण कासवाला साखळदंडांनी बांधून ट्रेलरवर चढवलं तरी तेच जिंकतं, हे त्या गोष्टीत नव्हतं.

सुप्याला मात्र ते थांबले होते. खरं म्हणजे मलाही थांबायचं काही कारण नव्हतं. चहाची तल्लफ नव्हती, साडेअकरा वाजून गेले होते, पुडा मागे ताठ बसून होता. तरी गाडी आपोआप कडेला गेली. बघतो तर माझ्यासारखे तीस-चाळीस जण आपोआप कडेला आलेले. दूधवाले, कांद्याची पिकअप, एमआयडीसीतली कामगारांची बस, आणि मळवट भरलेल्या नवरदेवाची एक जीपसुद्धा. नवा कोरा रणगाडा असता तर हीच माणसं हात मागे बांधून चार पावलं लांब उभी राहिली असती. हा म्हातारा आहे, घरी बसायला चाललाय हे कळलं आणि माणसं थेट हात लावायला पुढे झाली. सोबतच्या जवानाने एकदा नको म्हटलं, दोनदा नको म्हटलं, मग तो हसून चहाकडे वळला. कुठे नेताय विचारल्यावर त्याने एकच शब्द उच्चारला, ‘म्युझियम.’

पहिला प्रश्न दूधवाल्याने विचारला आणि तो दुसरा कुठला असूच शकत नव्हता. ‘किती देते?’

आपल्याकडे वाहन कुठलंही असो, बैलगाडी सोडून, हा प्रश्न चुकत नाही. उत्तर जवानाने दिलं नाही, म्हणून मी दाजींकडून ऐकलेलं दिलं. टी-५५ त्यातल्या त्यात काटकसरी, डिझेलवर चालते. पण आपल्याकडे आधी सेंच्युरियन होते, इंग्रजी बनावटीचे, पन्नास टनांचे, पेट्रोलवरचे. सुरुवातीच्या सेंच्युरियनच्या टाकीत साडेपाचशे लिटर मावायचं आणि तेवढ्यात तो रस्त्यावरून शंभरेक किलोमीटर जायचा. म्हणजे किलोमीटरला साडेपाच लिटर. पुण्यात टाकी फुल्ल करून निघाला असता तर नगरच्या अलीकडे ढकलावा लागला असता. दूधवाल्याने स्वतःच्या मोटरसायकलकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की तिलाही अवघडल्यासारखं झालं असावं.

‘मग चालवतच का नाही नेत?’ कांद्याच्या पिकअपवाल्याने विचारलं. ‘साखळी झिजते, डांबर उखडतं,’ मी म्हटलं. ‘युद्धाच्या जागेपर्यंतही यांना शक्यतो ट्रेलरवरून नाहीतर रेल्वेनेच नेतात.’ पिकअपवाल्याला हे फारसं पटलं नाही. ‘नवरदेवासारखंच की मग. घोडा असून दुसऱ्याने धरून न्यायचा,’ तो म्हणाला, आणि जीपमधल्या मळवटवाल्याने दुसरीकडे पाहिलं.

डोक्यावर मुंडासं असलेले एक म्हातारबाबा गर्दीतून पुढे आले. पारनेर तालुक्यातल्याच कुठल्याशा गावचे. त्यांनी विचारलं, ‘ह्यो ट्यांक कंच्या गावाचा?’

सगळे हसले. पण बाबांचं चुकलं नव्हतं. या भागात टँक म्हटलं की पाणी आठवतं. उन्हाळ्यात टँकर गावात शिरला की जी पळापळ होते ती कुठल्या रणगाड्यामुळेही झाली नसेल. आणि मौज म्हणजे इंग्रजांनी मुळात हे नाव पाण्यावरूनच घेतलं. १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या कारखान्यात हे यंत्र गुपचूप बनत होतं. काय बनवताय असं कुणी विचारलं तर मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाण्याच्या टाक्या, असं सांगायचं ठरलं. पुढच्या वर्षी १५ सप्टेंबरला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर त्या टाक्या जर्मनांवर चालून गेल्या, पण नाव तेच चिकटलं. आपण मराठीत रण आणि गाडा जोडून कसा दणदणीत शब्द केला. त्यांचा अजून टाकीच. हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजी पाणी न्हाईच का?’

गर्दीत एक भंगारवालाही गप्प उभा होता. छत्तीस टन गुणिले किलोचा भाव हा हिशेब त्याच्या नुसत्या ओठांच्या हालचालीवरून कळत होता. मला दाजींचं जुनं दुखणं आठवलं. विजापूरला मलिक-ए-मैदान नावाची अजस्र पंचधातूची तोफ आहे, ती ओतली १५४९ साली नगरमध्ये. निजामशाहीची. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीने विजापूरला नेली. वजन पंचावन्न टनांच्या घरात, म्हणजे सेंच्युरियनपेक्षाही थोडं जास्तच. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते असं सांगतात. त्या दिवशी परांडा-विजापूर रस्त्यावर काय वाहतूक तुंबली असेल! मागे बैलगाडीत कुणी पुडा घेऊन निघालं असेल तर त्याचं काय झालं असेल! नंतर १८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ भंगार म्हणून लिलावात काढली; सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची, आणि मग साहेबालाच लाज वाटून त्याने लिलाव रद्द केला. दाजी आजही विजापूरला जात नाहीत. ‘आमची तोफ नेली,’ म्हणतात. नगरात पन्नासेक रणगाडे आणून ठेवले तरी ती तोफ त्यांना विसरता आलेली नाही.

ते पन्नासेक रणगाडे म्हणजे नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय, जवानाने म्हटलेलं म्युझियम तेच. मी ते दाजींबरोबर पाहिलंय. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आशियात असं दुसरं नाही, असं नगरकर छातीठोकपणे सांगतात आणि त्यांच्याशी वाद घालू नये, कारण त्यांच्यामागे रणगाडे उभे असतात. रोल्स-रॉइसची चिलखती मोटारही तिथे आहे. ज्या कंपनीच्या गाडीत राजेमहाराजे लोळायचे तिच्यावर पोलादी पत्रे आणि बुरूज चढवलेला. मला ती पाहून शेरवानीवर रेनकोट घातलेला नवरदेव आठवला. आर्चर नावाची एक गाडी आहे, तिची तोफ कायमची मागच्या बाजूला रोखलेली. शत्रूकडे पाठ करायची, गोळा झाडायचा आणि सरळ समोर पळत सुटायचं, गाडी वळवायची कटकट नाही. इतकं व्यवहारी शस्त्र इंग्रजांना सुचलं आणि आम्हा पुणेकरांना सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. शिवाय माटिल्डा आहे, चर्चिल आहे, जपानी ची-हा आहे, आणि चक्क व्हॅलेंटाइन नावाचा रणगाडा आहे. साखरपुड्याआधी मुलामुलीचे फोटो काढायचे ठरले तेव्हा दाजींनी ‘व्हॅलेंटाइनसमोर काढा’ असं सुचवलं होतं. मुलीला आधी ते फार गोड वाटलं. मग तिने व्हॅलेंटाइनचा फोटो पाहिला.

पाकिस्तानकडून पकडलेले पॅटनही तिथे आहेत. त्यांचं नाव निघाल्यावर सुप्याच्या गर्दीत श्रीगोंद्याचा एक ऊसवाला पुढे सरसावला. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, ऊस उभा होता, आणि चाळीस-पंचेचाळीस टनांचे पॅटन त्यात घुसून रुतले. आपले सेंच्युरियन घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसलेच होते. लढाईनंतर भिखीविंडला निकामी झालेल्या पॅटनची इतकी रांग लागली की त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. एवढं सगळं मी तळमळीने सांगितलं. ऊसवाल्याने तंबाखू मळत ऐकलं आणि म्हणाला, ‘पाणी दिलेल्या उसात कुणी गाडी घालतं का? आमच्यात शेंबड्या पोराला कळतंय. वाफसा बघायचा असतो आधी.’ जनरल लोकांच्या चुकांवर मोठाले ग्रंथ आहेत. वाफशाचा मुद्दा मी तरी कुठे वाचलेला नाही.

‘ट्रॅक्टर लावून काढले का नंतर?’ त्याने विचारलं.

‘पॅटन? काहीतरी लावलंच असेल.’

‘आमचा एक ट्रॅक्टर फसला व्हता गेल्या साली,’ असं म्हणून त्याने जी हकिगत सुरू केली, तिच्यापुढे असल उत्तरची लढाई अगदीच आटोपशीर होती. जवानही चहाचा पेला हातात धरून ऐकत उभा राहिला.

मधेच हिची किंकाळी आली. धावत गाडीकडे गेलो तर कामगारांच्या बसमधली दोन पोरं आमच्या मागच्या काचेला नाक लावून उभी. एक दुसऱ्याला सांगत होता, ‘हे पण त्यांचंच आहे. तोफगोळा. म्युझियमला चाललाय.’ पुड्याचा आकार, जरीचं टोक आणि लावलेला सीटबेल्ट पाहता पोराला मी दोष देणार नाही. दुसरा शंका काढत होता, ‘मग त्याला मोती का लावलेत?’ ‘जुना आहे ना,’ पहिला म्हणाला.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. दाजींचे सहा फोन येऊन गेले होते. पाचांमध्ये ट्रेलर कुठपर्यंत आले ही चौकशी होती आणि एकात, ताईच्या आवाजात, आम्ही कुठे मेलो ही. कामरगावचा घाट मी ज्या वेगाने उतरलो त्याबद्दल ही घरी परतेपर्यंत बोलली नाही, म्हणजे किती वेग असेल ते समजून घ्या. आरशात बरंच मागे, वळणावर जोंगाचं नाक दिसलं आणि नाहीसं झालं. सुप्यापासून ती सगळी वरात आमच्या मागे होती.

केडगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला वीसएक माणसं उभी दिसली. सगळ्यांच्या डोक्यावर फेटे. मधे दाजी. त्यांच्या शेजारी वधूपिता, हातात मोबाइल उंच धरलेला. मागे नवरदेव, म्हणजे आमचा भाचा, आणि शेवटी सनईची रेकॉर्ड लावणारा मुलगासुद्धा. मला भरून आलं. पुडा उशिरा येतोय म्हणून अख्खा मांडव सामोरा आला होता. ही केस सारखे करू लागली. मग मागे वळून तिने पुड्याचा पट्टा सोडला, तो उचलून मांडीवर घेतला आणि चेहऱ्यावर यजमानीण बाईंना शोभेल असं हसू आणलं. मी वेग कमी केला.

दाजींनी हात वर केला. मीही केला. तेव्हा ते दोन्ही हातांनी जोरजोरात खुणा करू लागले. मी गाडी अगदी त्यांच्यासमोर आणून उभी केली आणि काच खाली घेतली.

‘दाजी, पुडा आणलाय!’

‘आणलाय ना? मग घ्या बाजूला, पाहुणे,’ दाजी माझ्या टपावरून पुणे रस्त्याकडे बघत म्हणाले. ‘तुमच्या गाडीमुळे मागचं काही दिसत नाहीये.’